खिसेबाईला लागलेली सोडत

दुपारी दोन ते तीन लॉन्ड्रीत चिटपाखरू फिरकत नसे. पोटात जेवण आणि डोळ्यांवर झापड असताना माणसाला आपल्या मळक्या कपड्यांची आठवण होत नाही. त्या तासाभरात बॉयलरची वाफ छतापर्यंत चढायची, पंख्याच्या पात्यांवर आपटून पुन्हा खाली उतरायची, आणि दोरीवर टांगलेल्या हॉटेलच्या पांढऱ्या चादरी त्या वाफेत अशा हलायच्या की भिंत कुठली आणि चादर कुठली ते सांगता येऊ नये. त्या चादरींच्या मधोमध स्टूल टाकून खिसेबाई बसायची आणि डोळे अर्धे मिटायची. पूर्ण मिटत नसे. निम्मी झोप घ्यायची आणि निम्मी शिल्लक टाकायची, हा तिचा स्वभावच होता.

खिसेबाई हे नाव गल्लीने ठेवलेलं. कपडा टेबलावर आला की लोक डाग बघतात, ही आधी खिसे बघायची. माणसाचा चेहरा खोटं बोलतो, पण खिशाला अजून ते जमलेलं नाही, असं तिचं मत होतं. आणि ते बनवायला तिने एकतीस वर्षं घातली होती. सगळ्या गल्लीला गोड खाऊ नका म्हणून दरडावणाऱ्या डॉक्टरांच्या पॅन्टमध्ये बिस्किटांचा चुरा निघे. बायकोला भाजीचे पैसे मोजून देणाऱ्या कंत्राटदाराच्या खिशात कबुतरांसाठी घेतलेले दाणे सापडत. कोण कोणाला पत्र लिहितं, कोणाचं दुखतं, कोणी सिगारेट सोडली आणि कोणी सोडल्याचं फक्त सांगितलं, हे सगळं तिला ठाऊक. पण पोटात ठेवायची. या कानाचं त्या कानाला कळू द्यायची नाही.

दुकान सासूबाईंचं. त्या गेल्या आणि मागे तीन गोष्टी ठेवून गेल्या: एक बॉयलर, एक पत्र्याचा डबा आणि एक वाक्य. "खिसा दुसऱ्याचा, तर खिशातलंही दुसऱ्याचंच." खिशात सापडलेली प्रत्येक वस्तू डब्यात जायची आणि डब्यासोबतच्या वहीत तिची ओळ पडायची. चार रकाने होते. कपडा कोणता, खिसा कोणता, वस्तू काय, कोणाला दिली. भिजलेल्या नोटा असतील तर त्या मंद आचेवर इस्त्री करून ठेवायच्या. कोणी न्यायला आलं नाही, तर वस्तू तिथेच राहायची, मग वर्ष जावो की दहा वर्षं. एकतीस वर्षांत त्या डब्यातून खिसेबाईच्या घरासाठी एक पैसा निघाला नव्हता. मुलाच्या आजारपणात बांगड्या निघाल्या, डबा निघाला नाही. गल्लीत तिला जी काही इज्जत होती, ती त्या डब्याच्या झाकणाखाली होती.

वस्तू परत द्यायचीही एक रीत होती. कोणी येऊन म्हणालं, "बाई, माझं काहीतरी राहिलंय," की ही डब्यावर हात ठेवून म्हणायची, "आधी सांगा, मग दाखवते."

खरा धनी असेल तो लगेच सुरू व्हायचा. "आतल्या खिशात होती हो. चार घड्या घातलेली. एका कोपऱ्याला शाई लागलीय." आणि ती नोट तशीच निघायची. पण एखादा परीटघडीतला गृहस्थ यायचा, हसून बोलायचा.

"माझी एक नोट राहिली बघा तुमच्याकडे."

"केवढ्याची?"

"तुम्ही दाखवा ना. मी लगेच ओळखतो."

"दाखवल्यावर तर मीही ओळखीन हो."

गृहस्थाचं हसू मावळायचं आणि त्याला एकाएकी दुसरं काम आठवायचं. अशी माणसं तिने मोजली नव्हती, पण त्यांचं वाक्य मात्र तिला पाठ झालं होतं. चेहरे बदलायचे, वाक्य तेच.

अख्ख्या वहीत एकच ओळ अशी होती की तिच्याकडे बघून खिसेबाईला अजून ठेच लागल्यासारखं व्हायचं. मागच्या हिवाळ्यात सात कोट एकदम धुतले होते, आणि मशीन रिकामं केल्यावर तळाशी एक कागद चिकटलेला मिळाला. सोडतीचं तिकीट. धुऊन धुऊन त्याचा रंग पार उडाला होता, आकडे स्वप्नातल्यासारखे विरले होते, शेवटचे दोन तेवढे दिसत होते: ४७. सातही कोटांचे खिसे तिने आधी स्वतः तपासले होते. मग हे आलं कुठून? सहा कोटवाल्यांना तिने विचारलं, सहाही नाही म्हणाले. सातवा कोट लिफ्टवाल्या काकांचा. पण काका तेव्हा लेकीकडे गेले होते, कोट शेजाऱ्याने नेला, आणि परत आल्यावर त्यांना विचारायचं राहून गेलं. वहीत कपड्याचा रकाना रिकामा राहिला आणि खिशाचाही. तिकीट डब्यात पडून राहिलं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मंगळवारी आलेला ईमेल.

लॉन्ड्रीचा ईमेल नणंद बघायची. ही धाकटी नणंद बारा वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी आली होती. मग तिला काउंटरचं उंच स्टूल आवडलं. 'तुमचे कपडे तयार आहेत' असे निरोप ती गिऱ्हाइकांना संगणकावरून धाडायची आणि बदल्यात आलेल्या फालतू जाहिराती मोठ्याने वाचून दाखवायची. तेवढीच करमणूक.

"वहिनी, अभिनंदन! तुला अडीच कोटींची सोडत लागली."

"बरं झालं. आता त्या कॉलरला जरा खळ लाव."

"अगं, खरंच लिहिलंय. 'आदरणीय विजेते, आपल्या तिकीट क्रमांकास प्रथम पारितोषिक प्राप्त झाले आहे.' आदरणीय म्हणे! तुला आपल्या घरात कोणी आदरणीय म्हटलंय का आजवर?"

"तुझ्या भावाने तर नाहीच."

"आता तिकीट काढलंस कधी ते सांग. आणि माझ्यापासून लपवून?"

"मी कशाला काढतेय तिकीट?"

"तेच तर. न काढलेलं तिकीट लागतं कसं? अशी पत्रं रोज हजार जणांना जातात. दोघे-तिघे गळाला लागले की त्यांचा महिना निघतो. टाकते कचऱ्यात." तिने आकडा तेवढा नाटकी आवाजात वाचून संपवला. "...तीन, शून्य, आठ, चार, सात."

खिसेबाईच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली. खालच्या शर्टातून वास येईपर्यंत थांबली.

"वहिनी! जळतंय!"

"हो हो. तू जा, जेवून घे. ते राहू दे. नंतर टाक."

नणंद जेवायला गेली. दोन वाजले होते. वाफ छताला लागली होती आणि चादरी हलू लागल्या होत्या. खिसेबाईने डबा उघडला, फिकं तिकीट बाहेर काढलं आणि उजेडाला धरलं. चार, सात. बाकीच्या आकड्यांच्या जागी नुसतं पांढरं होतं, आणि पांढऱ्यावर माणसाला हवं ते वाचता येतं. तिलाही तिथे हळूहळू तीन दिसला. मग शून्य दिसलं. आठ तर अगदी स्पष्ट दिसला.

दुसऱ्या कोणाला हे पत्र आलं असतं, तर 'मी तिकीटच काढलं नाही' एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण हिच्या हातून दुनियेचे खिसे जात होते. न काढलेलं तिकीट जवळ असणारी सगळ्या गल्लीत ती एकटीच.

मग ती स्टुलावर बसली आणि त्या दिवशी तिने डोळे पूर्ण मिटले.

चादरी फुगल्या, दोरीवरून सुटल्या आणि त्यांची घरं झाली. एका पांढऱ्या घरात ती शिरली. तिथे खिडक्या उघड्या होत्या, वारा होता, आणि पलंगावरची चादर दुसऱ्या कोणीतरी इस्त्री केलेली होती. तिने तिच्यावरून हात फिरवला. एका कडेला चुणी राहिली होती. तिला हसू आलं. असू दे, म्हणाली, शिकेल पोरगी. दारात तिचा नवरा उभा होता. दिवसभर गाठोडी वाहून त्याची पाठ वाकली होती, ती आता कोणीतरी खळ घालून कडक केल्यासारखी ताठ झाली होती. पाहुणे आले. परीटघडीतले, मोठे मोठे. एकेकाचा कोट ती खुंटीला अडकवत होती आणि अडकवता अडकवता खिसे चाचपत होती. अडीच कोटींची धनीण, आणि हात दुसऱ्याच्या खिशात! स्वप्नातही सवय सुटत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

डोळे उघडले तेव्हा तिने काउंटरवर जाऊन एका बोटाने उत्तर लिहिलं. 'तिकीट माझ्याकडे आहे. पुढे काय?'

पुढचं फार पटकन आलं. चार मिनिटांत. सरकारी कचेरीतून एवढं लवकर कधी काही आलं असतं, तर तिला आधी शंका आली असती. पण हा दावा अधिकारी होता, आणि दावा अधिकारी कसा असतो ते तिला माहीत नव्हतं. भाषा लोण्यासारखी. 'आपल्यासारख्या भाग्यवान व्यक्तीशी पत्रव्यवहार करताना आम्हांस धन्यता वाटते.' रक्कम तयार होती. फक्त सोडवणुकीचं शुल्क म्हणून नऊ हजार चारशे सदतीस, तीन दिवसांच्या आत. आणि सुरक्षेसाठी ही गोष्ट कोणालाही, अगदी घरच्यांनाही, सांगू नये.

तिला तो सदतीस फार पटला. दहा हजार मागितले असते, तर ती सावध झाली असती. गोल आकडा मागणारा माणूस हावरट, खरं बिल नेहमी सुट्यावर अडतं, हा तिचा धंद्यातला अनुभव. तो सदतीस ज्याने कोणी घातला, त्याला माणसं कळत होती.

बुधवार ढगातून चालल्यासारखा गेला. तिने एका शर्टाला दोन घड्यांच्या जागी तीन घातल्या. हॉटेलच्या गाठोड्यात डॉक्टरांचे मोजे गेले. गिऱ्हाईक पैसे द्यायला उभं, आणि ही त्याच्या डोक्यावरून बॉयलरच्या वाफेकडे बघत हसतेय.

"वहिनी, काय झालंय तुला? कालपासून हसतेस. दादाने काही आणून दिलं की काय?"

"तुझा दादा आणतो ते गाठोडं. आणि तेही दुसऱ्याचं."

"मग?"

"काही नाही गं. दात दुखतोय."

"दात दुखला की हसतात होय?"

खिसेबाईने दुसरा शर्ट टेबलावर ओढून घेतला. एरवी दोघींत काही लपत नसे. एकीने कांदा चिरला तर दुसरीचे डोळे भरून यायचे. आता हिच्या पोटात अडीच कोटी होते आणि ते आत जागा मागत होते. गल्लीभराची गुपितं तिने एकतीस वर्षं हलक्या हाताने सांभाळली. स्वतःचं पहिलंच गुपित मात्र ओल्या गोधडीसारखं जड लागत होतं.

शुल्काचं काय करायचं, हा प्रश्न होता. घरात एवढे पैसे होते, पण ते नवऱ्याच्या कपाटात, आणि तिथून काढायचे तर सांगावं लागणार. सांगायचं तर नव्हतं. राहिला डबा. एकतीस वर्षांच्या बेवारशी नोटा, पुठ्ठ्यासारख्या सपाट, एकावर एक. तीनच दिवसांचा प्रश्न, ती मनाशी म्हणाली. उसने. अडीच कोटी आले की डब्यात दहा हजार ठेवू, अकरा ठेवू. ज्याला धनी नाही, त्याचं आपण वाईट काय करतोय?

मनाने एवढी वकिली केली, तेव्हाच खरं तर तिला कळायला हवं होतं. स्वच्छ कपड्याला कोणी इतकं घासत नाही.

गुरुवारी दोन वाजता नणंद जेवायला गेली. खिसेबाईने डबा उघडला आणि नोटा मोजून घेतल्या. नऊ हजार चारशे सदतीस. सदतीस सुट्यांतून जमवले. पाकिटात घातले. बँकेपर्यंत चालायला सात मिनिटं, खाते क्रमांक चिठ्ठीवर उतरवून ठेवलेला. ती चपला घालून दाराशी गेली, आणि दारातून परत आली.

वही राहिली होती.

डब्यातून काही निघालं की ओळ पडायची. तिने ठरवून असं काही केलं नाही, हातांनी केलं. एकतीस वर्षं जे हात डबा उघडल्यावर वही उघडतात, त्यांना अडीच कोटींची गोष्ट कोणी सांगितली नव्हती. तिने पेन घेतलं. कपडा: रेघ मारली. खिसा: रेघ. वस्तू: नऊ हजार चारशे सदतीस. चौथा रकाना, कोणाला दिली.

पेन थांबलं.

कोणाला? 'दावा अधिकारी' लिहू? हे काही नाव नव्हे. तिने पत्र पुन्हा उघडून खालपर्यंत वाचलं. नाव नव्हतं. एवढं आदरणीय, धन्यता, भाग्यवान, आणि खाली नाव नाही. नाव न लिहिता डब्यातून सहसा काही जात नसे. बरं, नाव नसलं तरी चाललं असतं. एक म्हातारी आपलं नाव कधीच सांगायची नाही, पण आपल्या चष्म्याची कुठली काडी वाकडी आहे, ते बरोबर सांगायची. म्हणजे नाव नको, ओळख हवी.

तिचं एक बोट आपोआप चालू लागलं. चपला पायांत, पाकीट काखेत, आणि उभ्या उभ्याच तिने लिहिलं: 'पैसे तयार आहेत. पण आधी सांगा. माझ्या तिकिटाचा रंग कोणता? त्यावर चित्र कशाचं आहे?'

रंग उडाला असला तरी तिकिटाच्या कोपऱ्यात एका होडीची रेघ अजून दिसत होती. तिकीट ज्याने छापलं, त्याला तरी होडी माहीत असणारच.

बॉयलर शिट्टी मारून गप्प झाला. चादरी हलत होत्या. खिसेबाई पडद्याकडे बघत उभी राहिली, जशी ती काउंटरपलीकडच्या माणसाकडे बघायची, डब्यावर हात ठेवून. आणि तिने खरोखरच डब्यावर हात ठेवला होता.

उत्तर आलं.

'आदरणीय विजेते, वेळ कमी आहे. आपण तिकिटाचा फोटो पाठवा. आम्ही लगेच ओळखू.'

तिने ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची गरज पडली नाही. त्या वाक्याला चेहरा नव्हता, कोट नव्हता, अत्तराचा वास नव्हता. तरी तिने त्याला ओळखलं. काउंटरच्या पलीकडे तोच उभा होता. एकतीस वर्षं उभाच होता.

"दाखवल्यावर तर मीही ओळखीन हो," ती रिकाम्या दुकानात मोठ्याने म्हणाली.

आणि मग, एक सुरकुती निघाली की कापड सगळं सरळ व्हावं, तसं बाकीचं उलगडत गेलं. तिकिटावर नाव कुठे असतं? ज्याच्या हातात, त्याचं. तिकिटावर नाव नाही, पत्ता नाही. तिला स्वतःला सहा महिन्यांत त्याचा धनी सापडला नाही, सगळे कोट तिच्या दुकानातले असूनही. मग यांना लॉन्ड्रीचा ईमेल कुठल्या खिशात सापडला? आणि देणाऱ्याने आधी घ्यायचं कशाला? एवढेच सदतीस हवे होते, तर अडीच कोटींतून कापून घ्यायचे होते. घरच्यांना सांगू नका म्हणे! आपली वस्तू परत न्यायला आलेला कोणता धनी आजवर कुजबुजत बोलला? आणि ते ४७? हजार जणांना पत्र गेलं, तर दहा जणांच्या कसल्या ना कसल्या आकड्याला शेवटी ४७ असणारच. ती त्या दहांतली एक.

तिने चपला काढल्या. नोटा परत डब्यात ठेवल्या, सुटे सुट्यांत. झाकण लावून पुन्हा एकदा दाबून बघितलं. अडीच कोटी गेल्याचं वाईट वाटलं नाही. ते कधी आलेच नव्हते. सात मिनिटं चालण्याचं अंतर राहिलं होतं, एवढंच तिला पुन्हा पुन्हा दिसत होतं. सात मिनिटं, आणि मग उभ्या जन्मात कोणाला 'आधी सांगा' म्हणायचं तोंड उरलं नसतं.

वहीत ओळ अर्धी होती. ती खोडता आली असती. पानही फाडता आलं असतं, कोण बघतंय. तिने चौथ्या रकान्यात लिहिलं: 'कोणालाच नाही. माझ्या लोभाने काढले, त्याच दिवशी परत ठेवले.' आणि सही केली.

तीनला पाच कमी असताना दारात घसा खाकरल्याचा आवाज आला. लिफ्टवाले काका. एका उंच कचेरीत चाळीस वर्षं लिफ्ट चालवून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांना वर नेलं आणि स्वतः कायम तळमजल्यावर उतरले, असं ते स्वतःच सांगायचे. अजूनही दारात उभे राहून आधी दुसऱ्याला आत जाऊ द्यायचे.

"कोट झाला का बाई? करडा?"

"झालाय काका. बसा." तिने कोट काउंटरवर ठेवला आणि मग एकदम म्हणाली, "काका, मागच्या हिवाळ्यात तुमचं काही राहिलं होतं का माझ्याकडे?"

काकांनी मान वाकडी केली. "राहिलं असेल. पण आधी सांगा, मग दाखवते, असंच ना?"

"तसंच."

"मग सांगतो. सोडतीचं तिकीट. पिवळं. कोपऱ्यात होडी. दोन घड्या, लांबट, कारण मी ते अस्तराच्या फाटक्या भागातून आत सरकवतो. तिथे एक खिसा झालाय आपोआप. मला आणि कोटालाच माहीत." ते थांबले. "आणि शेवटी सत्तेचाळीस."

खिसेबाईने काउंटरची कड धरली. "सत्तेचाळीस कशावरून?"

"मी दुसरं घेतच नाही. दुकानदार माझ्यासाठी शोधून ठेवतो." काका कोटाच्या बाहीवरून हात फिरवत होते, जसं एखाद्याच्या दंडावरून फिरवावा. "ती चौथ्या मजल्यावर टाइप करायची, आणि तिच्या साहेबांची खोली सातव्यावर. दिवसातून दहा वेळा चार ते सात, सात ते चार. मधे फक्त आम्ही दोघं. एकदा पाचव्या-सहाव्याच्या मधे लिफ्ट अडकली. पाऊण तास. लोकांनी बाहेरून आरडाओरडा केला, आम्हाला ऐकूच आलं नाही. लग्नानंतर ती म्हणायची, तुम्ही मुद्दाम अडकवलीत."

"अडकवली होती का?"

"आधी सांगा म्हणालात, सांगितलं. सगळंच कसं सांगू?"

खिसेबाई हसली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच ते हसू तिच्या डोळ्यांपर्यंत गेलं. तिने डब्यातून तिकीट काढून त्यांच्या पुढे ठेवलं. "धुतलं गेलं हो. माझ्या हातून. तो खिसा मला सापडलाच नाही."

काकांनी तिकीट उजेडाला धरलं. पांढऱ्यात त्यांना काय दिसलं, देव जाणे. बराच वेळ बघत होते.

"लागलं होतं का?" तिने विचारलं. विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"छे. तिकीट हरवलं म्हणून नंबर थोडाच हरवतो? निकालाच्या दिवशी मी जाऊन फलकावर बघून आलो. सोडत का कधी आपल्याला शोधत घरी येते, बाई? आपणच जाऊन तिच्या दारात उभं राहायचं, आणि तिने नाही म्हणायचं. तीस वर्षांचा रिवाज आहे आमचा."

त्यांनी तिकिटाच्या त्याच दोन लांबट घड्या घातल्या, आणि कोट उघडून अस्तराच्या फाटेतून ते आत सरकवलं.

"अहो, ते आता कशाला? शिवून देते मी ती फाट."

"नको नको. फाट शिवलीत तर मी कुठे ठेवू?" आणि कोट अंगात घालून, मागे कोणी नसतानाही दारात क्षणभर थांबून, जणू कोणाला तरी आधी जाऊ देत, ते बाहेर पडले.

खिसेबाईने वही मागे उलटली. हिवाळ्यातली ती ओळ काढली. कपडा: करडा कोट. खिसा: अस्तराच्या फाटेतला. कोणाला दिली: लिफ्टवाले काका. त्या ओळीत आता एकही रकाना रिकामा नव्हता.

नणंद जेवून आली ती थेट काउंटरवर, आणि वही उघडीच होती. खिसेबाईने ती झाकली नाही. बॉयलरपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मागे पान उलटल्याचा आवाज आला. मग तेच पान पुन्हा उलटल्याचा.

"वहिनी."

"वाचलंस ना? जे लिहिलंय, तेच आहे."

"म्हणजे दात दुखत नव्हता."

"नव्हता."

नणंदेने स्टूल जवळ ओढलं. काही बोलेल, रागावेल, दादाला सांगेल म्हणेल, असं खिसेबाईला वाटत होतं. तिने फक्त विचारलं, "अडीच कोटींचं काय करणार होतीस? खरं सांग."

"एक चादर होती. दुसऱ्याने इस्त्री केलेली."

"बस? अडीच कोटींत एक चादर?"

"आणि तुझ्या दादाची पाठ सरळ."

"आणि मी?"

खिसेबाईला आठवेना. पांढऱ्या घरात नणंद होती का? सगळ्या खोल्या तिने मनातल्या मनात पुन्हा पालथ्या घातल्या. "तू काउंटरवर होतीस," ती शेवटी म्हणाली. "तिथेही काउंटर होता."

"मग ठीक आहे," नणंद म्हणाली. ती उठली, दोरीवरची एक चादर तिने ओढून घेतली, टेबलावर पसरली आणि इस्त्री फिरवू लागली. तिला इस्त्री जमायची नाही. कडेला एक चुणी राहिली. खिसेबाई स्टुलावर बसून ती चुणी बघत राहिली, आणि उठली नाही.

दावा अधिकाऱ्याची पत्रं अजून येतात. आदरणीय विजेते, अंतिम संधी, अगदी अंतिम, त्यानंतरची अंतिम. शुल्क उतरत उतरत चार हजार सातशेवर आलंय. नणंद मोठ्याने वाचते, खळ लावता लावता खिसेबाई ऐकते. उत्तर देऊ नये, हे दोघींना आता पक्कं ठाऊक आहे. दिलेलं प्रत्येक उत्तर त्याला आशा लावतं. पण दुपारी दोनच्या सुमारास, वाफ छताला लागली की, खिसेबाई अर्धे डोळे मिटून त्या चादरींपलीकडच्या माणसाला विचारतेच, आधी सांगा. तिकडून काही येत नाही. चादरी तेवढ्या हलतात.